रत्नागिरीचा हापूस थंड देशात पोचतो कसा, आणि तिथे एवढा महाग का?

एप्रिल-मे आला की एक रील हमखास फिरतं. लंडनच्या नाहीतर न्यू जर्सीच्या दुकानात कुणीतरी हापूसची पेटी उचलतं, किंमत कॅमेऱ्याला दाखवतं आणि डोक्याला हात लावतं. खाली कमेंटही ठरलेल्या : "आमच्याकडे एवढ्यात पाच डझन येतात", "सरळ लूट आहे ही". थोडी लूट असेलही. पण पेटीतला बहुतेक पैसा कुठे जातो हे एकदा समजून घेतलं की ती किंमत वेगळ्या नजरेने दिसते. आणि तुमच्या घरी दहा-वीस कलमं असतील, तर यातला आपला वाटा कुठे हरवतो हेही दिसतं.

मी आरे-वारेचा. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सागरी रस्त्यावर पर्यटक जिथे गाड्या थांबवून फोटो काढतात, तेच. खाली समुद्र आणि सुरूची झाडं, वर कातळावर आंब्याची कलमं. तेव्हा उदाहरण आमच्याच भागातलं घेऊ आणि एक डझन आंबा बागेपासून ब्रिटनमधल्या दुकानापर्यंत नेऊ.

अडचण कराची नाही, माशीची आहे

बऱ्याच जणांना वाटतं की परदेशात आंबा महाग म्हणजे तिथे जबरदस्त आयात कर असणार. ब्रिटन आणि युरोपीय संघात ताज्या आंब्यावर आयात शुल्क शून्य आहे. खरी भिंत आहे ती फळमाशीची. ही माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते, आत अळी वाढते, आणि बाहेरून फळ अगदी देखणं दिसत राहतं. प्रत्येक देशाला भीती एकच : फळाबरोबर कीड आपल्या देशात उतरेल.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या थंडीत आपली उष्ण प्रदेशातली कीड जगणार कशी? उघड्यावर नाहीच जगणार. पण तिथे टोमॅटो आणि काकडी काचघरात पिकवतात आणि काचघरात उन्हाळा बारमाही असतो. शिवाय युरोपीय संघ म्हणजे नुसते थंड देश नव्हेत, स्पेन-इटलीच्या फळबागाही त्यातच आल्या. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत किडी सापडल्या, आणि १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला. सोबत अळू, कारलं, वांगं आणि पडवळही. ऐन हंगामात! लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी बंदीविरुद्ध मोहीम काढली, पण त्या वर्षीचा मोसम गेला तो गेलाच. आंब्यावरची बंदी उठवायचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला, तोही भारताने प्रक्रियेची आणि तपासणीची घडी नीट बसवल्यावर.

ही प्रक्रिया देशागणिक वेगळी आहे, आणि किंमत समजून घ्यायची तर ती समजायलाच हवी.

युरोपसाठी गरम पाणी. ४८ अंश सेल्सियस पाण्यात आंबे ६० मिनिटं बुडवून ठेवतात, म्हणजे आतली अंडी-अळ्या मरतात. ऐकायला सोपं वाटतं, पण पाणी एक-दोन अंश जास्त तापलं तर साल भाजते आणि कमी तापलं तर कीड वाचते. त्यामुळे टाकीत सेन्सर असतात आणि तापमानाची नोंद ठेवतात.

जपानसाठी उष्ण वाफ. वाफेने फळाच्या गाभ्याचं तापमान ४७.५ अंशांपर्यंत नेऊन २० मिनिटं तिथेच ठेवायचं. जपानने आपला आंबा १९८६ पासून बंद ठेवला होता, तो २००६ मध्ये या अटीवर उघडला.

अमेरिकेसाठी विकिरण, म्हणजे कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा किमान ४०० ग्रे इतका डोस. आंबा याने किरणोत्सर्गी होत नाही, क्ष-किरण काढून आल्यावर तुम्ही होत नाही तसाच. २००७ मध्ये अमेरिकेचं दार उघडलं तेव्हा पहिला आंबा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून गेला. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचं. त्याच व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूने भारतात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचा मार्ग मोकळा झाला, म्हणून तेव्हा "आंब्याच्या बदल्यात हार्ले" अशा गमतीच्या बातम्याही आल्या होत्या.

विकिरणाची एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. ४०० ग्रेचा डोस अळीला लगेच मारतोच असं नाही. तिची पुढची वाढ थांबते, तिची माशी होत नाही. म्हणजे अमेरिकेच्या विमानतळावर अधिकाऱ्याने आंबा कापला आणि आत जिवंत अळी दिसली, तरी डोस बरोबर दिलेला असू शकतो. नुसतं बघून डोस ठरवता येत नाही, म्हणून सगळा भरवसा कागदावर. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. प्रश्न किडीचा नव्हताच, कागदपत्रांतल्या त्रुटींचा होता. परत आणायचं भाडं मालाहून जड, त्यामुळे तो माल तिथेच नष्ट करावा लागला. कोविडच्या २०२० आणि २०२१ च्या हंगामांत तर अमेरिकेला आंबा गेलाच नाही, कारण तपासणीसाठी त्यांचे निरीक्षक इथे येऊ शकले नाहीत. २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

आखाती देशांना यातलं फारसं काही लागत नाही आणि विमान-जहाजाचा प्रवासही छोटा. आपला आंबा दुबईकडे सगळ्यात जास्त का जातो याचं उत्तर इथेच मिळतं.

कातळावरून वाशीपर्यंत

निर्यातीचा आंबा झाडावर पिकू देत नाहीत. आमच्याकडे म्हणतात "चौदा आणे झाला की काढायचा". जुना रुपया सोळा आण्यांचा, म्हणजे चौदा आणे म्हणजे साधारण ८५ टक्के तयार. घळाने किंवा झेल्याने एकेक फळ देठासकट काढायचं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. चवीला काहीच फरक पडत नाही, पण निर्यातीतून ते फळ बाद. घरी आम्ही असे डागाळलेलेच आंबे खाऊन मोठे झालो, हा भाग वेगळा.

मग आकाराप्रमाणे निवड. परदेशच्या डझनाच्या पेटीत साधारण २०० ते ३०० ग्रॅमची, एकसारखी फळं लागतात. त्याहून लहान कॅनिंगला, फार मोठी इथल्या बाजारात.

पण सगळ्यात मोठी जोखीम डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे साका. बाहेरून निर्दोष आंबा कापला की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघतो, तो साका. मजा म्हणजे या दोषाचा आणि निर्यातीचा संबंध नव्वद वर्षांहून जुना आहे. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९३२ आणि १९३३ साली युरोपला आंबा पाठवायचे प्रयोग केले. चीमा आणि दाणी यांनी १९३४ मध्ये त्यावर अहवाल लिहिला, आणि साक्याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा त्याच कामातून झाली. म्हणजे लंडनच्या गिऱ्हाइकाची तक्रार ही कल्पना आपल्या आजोबांच्याही आधीची. आज फळ न कापता आतलं ओळखण्यासाठी क्ष-किरण आणि अवरक्त प्रकाश वापरून प्रयोग झालेत, पण आमच्या वाडीत अजून तरी अनुभवी माणसाचा अंदाजच चालतो.

रत्नागिरीत नाचणे इथे कृषी पणन मंडळाचं आंबा निर्यात सुविधा केंद्र आहे. तरी बराचसा माल रात्रीच्या ट्रकने वाशीला जातो, सुमारे ३३० किलोमीटर, कारण गरम पाणी, वाफ आणि विकिरण या तिन्ही सोयी पणन मंडळाने वाशीत एकत्र उभ्या केल्यात आणि मुंबईचं विमानतळही तिथून जवळ. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही. पेटीतल्या आंब्याला विचारा.

आता हिशेब, फोनचा कॅल्क्युलेटर काढा

खालचे आकडे 'समजा' म्हणून घेतलेत. बाजार रोज बदलतो, तेव्हा आकडे तुमचे टाका, रीत हीच ठेवा.

एक डझनाची पेटी, वजन ३.६ किलो. समजा बागायतदाराला ९०० रुपये मिळाले. वाशीपर्यंतची गाडी आणि हमाली ६० रुपये. प्रक्रिया, तपासणी, खोका मिळून १५० रुपये. विमानभाडं किलोला १५० रुपये धरलं तर ५४० रुपये. बेरीज १६५०.

विमानभाड्याबद्दल एक उपयोगी गोष्ट. विमान कंपनी दोन वजनं बघते : काट्यावरचं खरं वजन आणि आकारमानाचं वजन. दुसरं काढायचं सूत्र म्हणजे लांबी × रुंदी × उंची (सेंटीमीटरमध्ये) भागिले ६०००. दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. ४० × ३० × १२ चा खोका असेल तर उत्तर २.४ किलो येतं. आंबा जड, खरं वजन ३.६, म्हणून पैसे ३.६ चेच. कुरमुऱ्याच्या पिशवीला उलटं होईल. याच कारणाने पेटीत पेंढा थोडा जास्त घातला तर भाडं फारसं वाढत नाही, पण ओला जाड पुठ्ठा वापरला तर वाढतं.

पुढे नासाडी. १०० पेट्यांतल्या ८ खराब निघाल्या, तर त्यांचा खर्च उरलेल्या ९२ पेट्यांवर बसतो. १६५० भागिले ०.९२, म्हणजे सुमारे १७९३ रुपये. यावर आयातदाराचा आणि दुकानदाराचा मिळून ४० टक्के वाढावा धरू. त्यात त्यांची गाडी, थंड गोदाम, दुकानाचं भाडं सगळं आलं. झाले सुमारे २५१० रुपये. पौंड ११० रुपयांचा धरला तर जवळजवळ २३ पौंड.

या हिशेबात बागेचा वाटा ३६ टक्के. आता गंमत बघा. विमानभाडं किलोला ५० रुपयांनी वाढलं तर पेटीमागे १८० रुपये वाढतात, पण नासाडी आणि वाढाव्यातून जाता जाता गिऱ्हाइकापर्यंत ते सुमारे २७४ होतात, म्हणजे अडीच पौंड. टक्क्यांवर चालणारा प्रत्येक हात आधीच्या हाताचा खर्चही फुगवतो. आणि नासाडी ८ वरून २० टक्क्यांवर गेली तर? ०.९२ च्या जागी ०.८० टाकून बघा, पेटी २६ पौंडांच्या पुढे जाते. तेव्हा महाग पेटीचं मोठं कारण लोभापेक्षा वेळ आणि नासाडी आहे, असं माझं मत.

मग सुपरमार्केटात आंबा स्वस्त कसा?

कारण तो हापूस नसतो. ब्राझील-पेरूहून येणारे केंट, कीट, टॉमी ॲटकिन्स हे जाड सालीचे आंबे जहाजाच्या शीत कंटेनरमधून येतात, आठवडेच्या आठवडे टिकतात आणि नगावर विकले जातात. चवीबद्दल न बोललेलं बरं. सुपरमार्केटला महिनोन् महिने एकसारखा माल हवा असतो. हापूसचा परदेशी मोसम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा आणि पिकल्यावर फळ चार-पाच दिवसांचं पाहुणं. म्हणून तो वेम्बली, साउथॉल, लेस्टरच्या देशी दुकानांत मिळतो, आणि तोही पेटीने. पेटीने विकण्यात दुकानदाराची सोय अशी, की आत दोन आंबे बिघडलेले निघाले तर ती जोखीम गिऱ्हाइकाच्या माथी.

हापूस जहाजाने का नाही पाठवत? सुमारे १३ अंशांच्या खाली कच्च्या हापूसला थंडी बाधते : साल करपते, फळ पिकतच नाही. आणि १३ अंशांवर तो हळूहळू का होईना, पिकत राहतो. मार्ग एकच, कंटेनरमधला प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवून फळाचा श्वास मंदावायचा. २०२२ मध्ये वाशीहून विकिरण केलेल्या केसर आंब्याचा कंटेनर समुद्रमार्गे अमेरिकेला पाठवून पाहिला गेला, प्रवास साधारण २५ दिवसांचा. केसर जरा दणकट. हापूसला हे नेहमी जमलं तर वरच्या हिशेबातला ५४० चा आकडा कोसळेल, म्हणून या प्रयोगांवर आमच्याकडे सगळ्यांची नजर असते.

भाव मोसमातही फिरतो. गुढीपाडव्याच्या सुमाराची पहिली पेटी सगळ्यात महाग, अक्षय्य तृतीयेनंतर आवक वाढते आणि दर उतरतात. जूनमध्ये पाकिस्तानचा आंबा तिकडच्या दुकानांत येऊ लागतो. घाई नसेल तर तिकडच्या नातेवाइकांना मे महिन्याच्या मध्यावर घ्यायला सांगा.

फोनवर काय बघता येतं

निर्यातीच्या बागेची नोंद 'अपेडा'च्या 'मँगोनेट' या ऑनलाइन प्रणालीत करावी लागते. अपेडा म्हणजे शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था. सातबारा देऊन कृषी विभागाकडे अर्ज केला की तपासणी होऊन बागेला क्रमांक मिळतो. कोणती फवारणी कधी केली याची नोंद ठेवायची असते, कारण युरोपात औषधाच्या अंशाची मर्यादा कडक आहे. काम कंटाळवाणं आहे खरं. पण नोंद नसली की आपला माल वाशीच्या ढिगात जातो, आणि आरे असो की नेवरे, गावाचं नाव तिथेच पुसलं जातं. घरातल्या मोठ्यांना फोनवरचे अर्ज जमत नसतील तर हे काम तुमचं.

दुसरी गोष्ट जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला ते मिळालं. दुसरीकडच्या आंब्याला 'हापूस' म्हणून विकायला त्यामुळे कायद्याने आडकाठी आली. नोंदणीकृत बागायतदारांच्या पेटीवर किंवा फळावर आता क्यूआर कोड दिसू लागलेत.

पण कोड स्कॅन झाला म्हणजे माल खरा, असं धरू नका. स्टिकरची झेरॉक्स काढायला दोन रुपये लागतात. उघडलेल्या पानावर बागायतदाराचं नाव, गाव आणि जीआयचा अधिकृत वापरकर्ता क्रमांक आहे का बघा. त्याच पेटीतल्या दोन स्टिकरांचा अनुक्रमांक वेगळा आहे का बघा. एकच असेल तर शंका घ्या. जीआय रजिस्ट्रीचं कार्यालय चेन्नईत आहे आणि तिच्या संकेतस्थळावर नोंदी शोधता येतात. आणि स्कॅन केल्यावर यूपीआय पिन मागितला तर तिथेच थांबा, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. गेल्या मोसमात आमच्याच वाडीतल्या कलमांचा फोटो एका पेजवर "देवगड हापूस, थेट शेतकऱ्याकडून" म्हणून झळकत होता. समुद्राची रेघ आणि वळणाचा रस्ता बघून आम्ही ओळखला, गिऱ्हाईक कसं ओळखणार? आगाऊ पैसे भरण्याआधी विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर बाग आणि भरलेली पेटी दाखवायला सांगा. खरा बागायतदार आनंदाने दाखवतो, वर दोन गोष्टी जास्तच सांगतो.

बॅगेतून नेले तर?

दरवर्षी कुणीतरी विचारतंच. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशालाही ताज्या फळांसाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त पाच फळांना : अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आंबा त्यात नाही. अमेरिका आणि जपान तर बॅगेतल्या आंब्याबाबत आणखी कडक. ब्रिटनचे नियम युरोपहून वेगळे असून बदलत असतात, ते निघण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा, मित्राच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका. त्यापेक्षा डबाबंद आमरस न्या, किंवा आंबापोळी.

पेटी घरी आली, आता?

तिकडे पोचलेला आंबा बहुधा हिरवट, टणक असतो. माझी मावसबहीण लेस्टरला राहते, तिच्या शेजारणीने तो आणल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवला आणि आठवड्याने आंबट म्हणून टाकून दिला. थंडीने पिकण्याची क्रियाच बंद पडते. घरात १५ अंश असतील तर पेटी स्वयंपाकघराच्या ओट्यावरही नुसती पडून राहते. हापूसला २० ते २५ अंश हवेत. तिथल्या घरांत बॉयलरचं किंवा गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, ती जागा उत्तम. आंबे वर्तमानपत्रात सुटे गुंडाळून, देठ खाली करून, एकाच थरात ठेवायचे. सोबत एक पिकलेलं केळं ठेवलं तर त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने काम लवकर होतं. इथे आपण गवताच्या अढीत तेच करतो. कार्बाइडला भारतात बंदी आहे, ठरलेल्या मर्यादेत इथिलीनला नाही. रोज एकदा उलटून बघा. देठाजवळ वास सुटला आणि अंगठ्याखाली किंचित मऊ लागला की तयार. मग खुशाल फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकेल.